एकदाच सापडलेला आकडा

लिफ्ट पहिला मजला ओलांडून वर निघाली आणि तेवढ्यात वीज गेली. पंख्याची घरघर थांबली, दिवा विझला आणि छताच्या कोपऱ्यातला बॅटरीवरचा बारका दिवा पिवळा उजेड टाकू लागला.

“अय्यो शिवा!” शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीनं ऋतुजाचा दंड गच्च धरला.

“काही नाही आजी. आता बॅटरी लागेल. जवळच्या मजल्यावर नेईल आणि दार उघडेल.”

ऋतुजा हे इतक्या सहज बोलली, कारण ह्या लिफ्टचा कंट्रोलर तिच्याच कंपनीचा होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या मागच्या ओळीत उदयसिंह सरांची शेड होती. तिथं लिफ्टचे कंट्रोलर जोडले जात. जोडणारे सात-आठ जण होते, पण कंट्रोलरच्या चिपमधल्या प्रोग्रामचं कळणारी ऋतुजा एकटीच. रोज सकाळी मोहोळहून एसटीनं यायची, संध्याकाळी एसटीनं जायची. होटगी रोडवरच्या ह्या इमारतीची लिफ्ट काल दुपारी मध्येच अडकली होती. आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. “सेन्सरचं असेल काहीतरी, जाऊन बघून ये,” असं सर म्हणाले, म्हणून ती आली होती. म्हातारी खालीच भेटली. गौरम्मा तिचं नाव. चौथ्या मजल्यावर गुडघ्याचे व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे निघालेली. जिना चढवत नाही म्हणून लिफ्टची वाट बघत बाकावर बसली होती.

बॅटरी लागली. वर कुठंतरी गुरगुर झाली आणि लिफ्ट संथपणे खाली सरकू लागली. ऋतुजा मनातल्या मनात मोजत होती. गेले दोन महिने लिफ्टच्या दारांच्या वेळा मोजून मोजून तिला तशी खोडच लागली होती. चार, पाच, सहा. टक्. लिफ्ट थांबली.

दार उघडलं नाही. बटणांच्या वरच्या पट्टीवर लाल रंगात सात उमटला.

“आला का मजला?” गौरम्मानं विचारलं.

“नाही आजी. अजून नाही.”

सात म्हणजे काय, हे ऋतुजाला पाठ होतं. लिफ्ट हलली की कंट्रोलर वेळ मोजायला लागतो. ठरल्या वेळात मजला लागला नाही, तर दोर घसरतोय किंवा मोटर नुसतीच फिरतेय असं धरून तो सगळं बंद करून टाकतो. मग वीज येवो नाहीतर जावो, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन कोणीतरी हातानं बटण दाबल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. सोय चांगली होती. तिच्यामुळं माणसं वाचतात. पण ती ठरलेली वेळ बारा सेकंदांची होती, आणि लिफ्ट तर सहाच सेकंद चालली होती.

तिनं धोक्याची घंटा दाबून धरली. थोड्या वेळानं खालून चपलांचा आवाज आला.

“कोण हाय आत?” इमारतीचा वॉचमन तिप्पण्णा ओरडला.

“मी, लिफ्टच्या कंपनीची. आणि गौरम्मा आजी. पहिल्या मजल्याच्या थोडं वर अडकलोय.”

“थांबा म्याडम, घाबरू नगा. किल्ली हाय माझ्याकडं.”

त्यानं त्रिकोणी किल्लीनं पहिल्या मजल्यावरचं बाहेरचं दार उघडलं. ऋतुजानं आतलं दार दोन्ही हातांनी बाजूला सारलं. समोर भिंत होती, सिमेंटची, खडबडीत. फक्त अगदी खाली, पायांपाशी, दोन फूट उंचीची फट उघडली आणि तिच्यातून उजेड आत आला. फटीत तिप्पण्णाचं डोकं दिसलं. तो स्टुलावर उभा होता.

“आलं की भाईर!” गौरम्माचा चेहरा उजळला.

“म्याडम, हितनं सरका. पाय आधी सोडा. मी खालनं धरतो,” तिप्पण्णानं हात पुढं केले.

ऋतुजा पालथी झोपली आणि तिनं फटीतून खाली डोकावलं. लिफ्टची फरशी पहिल्या मजल्याच्या पाचेक फूट वर लटकत होती. फरशीच्या खाली, तिप्पण्णाच्या स्टुलाच्या अलीकडं, उघडा अंधार होता. तळमजल्यावर दुकानं होती, त्यांची छतं उंच, आणि त्याच्याही खाली खड्डा. उतरणाऱ्याचे पाय बाहेर जायच्याऐवजी लिफ्टखाली झोकले गेले तर माणूस सरळ त्या विहिरीत जाणार. असं झालेलं तिनं ऐकलं होतं. अडकून कोणी सहसा मरत नाही, बाहेर पडायच्या घाईत मरतात, असं कंपनीचा मेकॅनिक ताबीश नेहमी म्हणायचा.

“नाही तिप्पण्णा. इथून कोणी उतरायचं नाही.”

“आवं, मी धरतो की!”

“तुम्ही धराल हो, पण माणूस लिफ्टखाली गेला तर तुम्हालाही ओढून नेईल. फट राहू द्या, हवा येतेय. तुम्ही मात्र तिथंच बसा, कोणाला जवळ येऊ देऊ नका.”

गौरम्मा ऐकायला तयार नव्हती. “तो धरतो म्हणतोय की गं. मी काय लई जड न्हाय.” ती खाली बसायला लागली, तिच्या गुडघ्यात कळ आली आणि तिनं भिंत धरली. ऋतुजानं तिला दोन्ही खांद्यांना धरून हळूच कोपऱ्यात टेकवलं.

“आजी, हा गुडघा घेऊन तुम्ही स्टुलावर उतरणार?”

गौरम्मा उजेडाच्या त्या पट्टीकडं बघत राहिली. समोर उजेड, माणूस, त्याचे पसरलेले हात, आणि तरी जायचं नाही. अंधारात कोंडून पडण्यापेक्षा हे वाईट होतं.

ऋतुजानं ताबीशला फोन लावला. पॅनलजवळच्या कोपऱ्यात थोडी रेंज होती.

“मॅडम, मी तर टेंभुर्णीत आहे,” ताबीश म्हणाला. “मशीनच्या खोलीची किल्ली माझ्याजवळच. निघतोच, पण दीड-पावणेदोन तास धरा.”

तिप्पण्णा गच्चीवर जाऊन आला. दोनदा तांब्याची केबल चोरीला गेल्यापासून त्या खोलीला लोखंडी दार बसवलं होतं. त्यानं पहार घालून बघितली, दार हललंसुद्धा नाही. घाम पुशीत तो परत स्टुलावर चढला आणि त्यानं पाण्याची बाटली फटीतून आत सरकवली. ऋतुजा घटाघटा प्याली. गौरम्मानं बाटली हातातसुद्धा घेतली नाही.

“नको यव्वा. पाणी पिलं की जायाला लागतंय मला. हितं कुठं जाऊ?”

एप्रिलची दुपार. लोखंडाचा तो डबा तापत चालला होता. ऋतुजाच्या पाठीवरून घामाचे ओघळ उतरत होते. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट अडकली होती. बारा सेकंदांची मर्यादा सहावर कशी तुटली?

तिनं बॅग उघडली, लॅपटॉप मांडीवर घेतला.

तो प्रोग्राम तिचा नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी सरांनी पुण्याच्या एका माणसाकडून तो लिहून घेतला होता. माणूस धंदा बंद करून परदेशात गेला, आणि माणसाला वाचता येईल असा मूळ प्रोग्राम सरांनी कधी मागूनच घेतला नव्हता. कंपनीकडं उरलं होतं ते कंपायलरनं, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनानं, तयार केलेलं रूप, नुसते आकडे. दोन महिन्यांपूर्वी बिल्डरांची तक्रार आली की लिफ्टचं दार फार वेळ उघडं राहतं, लोक वैतागतात. दार बारा सेकंद उघडं राहत असे. “बाराचे सहा कर,” सर म्हणाले. मूळ प्रोग्राम नसताना असा हात घालणं बरं नाही, नव्यानं लिहू या, असं तिनं सांगून बघितलं. “एक आकडा बदलायला नवीन प्रोग्राम?” म्हणून ते हसले.

यंत्र वेळ मोजतं सेकंदाच्या हजाराव्या भागात. बारा सेकंद म्हणजे बारा हजार. तिनं सगळ्या आकड्यांत बारा हजार शोधला. तो एकाच ठिकाणी सापडला. तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं! दोन-तीन ठिकाणी निघाला असता तर दाराचा कुठला आणि बाकीचे कशाचे, ह्याचा गुंता झाला असता. एकच होता, तो तिनं सहा हजार केला. चिप शेडमधल्या चाचणीच्या सांगाड्यावर लावली. दार सहा सेकंदांत मिटलं. वीज तोडून बॅटरीवर चालवून बघायचं राहिलं, कारण चाचणीची बॅटरी सरांनी एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली होती.

आता ह्या डब्यात बसून तिला वेगळाच प्रश्न पडला. मजला लागायची मर्यादाही बारा सेकंदांची होती. म्हणजे बारा हजार त्या प्रोग्राममध्ये दोनदा असायला हवा होता. मग दुसरा कुठं गेला?

तिनं दाराचा भाग उघडला, मग मोटरचा. एकेक आज्ञा वाचत खाली आली. घाम कीबोर्डवर ठिबकत होता, ती ओढणीनं पुसत होती. आणि मग दिसलं. ह्या चिपच्या आज्ञा आखूड असतात, बारा हजारासारखा मोठा आकडा त्यांच्या पोटात मावत नाही. म्हणून कंपायलर तो आकडा बाजूला एका घरात लिहून ठेवतो आणि आज्ञेला सांगतो, त्या घरातून आण. तोच आकडा पुढं परत लागला, तर तो दुसऱ्यांदा लिहीत नाही. जागा वाचवतो. दुसऱ्या आज्ञेलाही त्याच घराचा पत्ता देतो. दाराची आज्ञा आणि मोटरची आज्ञा, दोघी एकाच घराकडं बोट दाखवत होत्या. त्या घरात आता तिनं घातलेला सहा हजार बसला होता.

आकडा एकदाच सापडला, म्हणजे एकदाच वापरलाय, असं तिनं धरलं होतं.

कॉलेजात हे शिकवलं होतं. परीक्षेत तिनं ते लिहिलंही होतं.

“काय झालं गं? रडतीस काय?” गौरम्मानं विचारलं.

“नाही आजी, घाम आहे.” मग तिला खोटं बोलवेना. “ही लिफ्ट माझ्यामुळं थांबली. एक आकडा दोन कामांना लागत होता. यंत्रानं तो एकाच जागी ठेवला होता. मी एका कामासाठी बदलला, तर दुसऱ्याचाही बदलला.”

गौरम्मानं थोडा विचार केला. “दोन भाजीला एकच वाटण केल्यावानी. तू एका भाजीसाठी म्हणून वाटणातच मीठ टाकलीस.”

“हो. तसंच.”

“मग दुसरी भाजी खाणार कोण?”

म्हातारीनं सहज विचारलं, पण ऋतुजा लगेच हिशोब मांडू लागली. वीज असताना एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला चार सेकंद लागायचे. म्हणून दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बॅटरीवर मात्र लिफ्ट गोगलगायीसारखी सरकते, तिला आठ-दहा सेकंद लागायचे. म्हणजे नव्या चिपच्या लिफ्टची वीज दोन मजल्यांच्या मध्ये गेली की ती तिथंच अडकणार होती. काल इथं तेच झालं होतं. अशा चिपा दीड-दोन डझन ठिकाणी गेल्या होत्या. स्टेशनजवळच्या एका प्रसूतिगृहातही, गेल्याच महिन्यात.

“तिप्पण्णा! वीज कधी येणार काही कळलं का?”

“लायनीचं काम हाय म्हणं. आपली चारला येणार, मंग स्टेशनकडली बंद करणार हायती.”

तिनं घड्याळात बघितलं. तीन वाजायला आले होते. तिनं उदयसिंह सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“तुला बरं वाटतंय ना? हवा येतेय?” त्यांनी विचारलं.

“मी ठीक आहे सर. सगळ्यांना फोन करून लिफ्ट बंद ठेवायला सांगायला हवं. आत्ता. दवाखान्याला तर आधी.”

“हे बघ ऋतुजा. तू आधी बाहेर ये. उन्हानं डोकं तापलंय तुझं. उद्या शांतपणे बसू, नवीन चिप करू, सर्व्हिसिंगच्या निमित्तानं एकेक बदलून टाकू. कोणाला कळायचंही नाही.”

“सर, चार वाजता तिकडची वीज जाणार आहे.”

“जाईल, येईल. रोज जाते. प्रत्येक वेळी काय लिफ्टमध्ये माणूस असतोच का? आणि तू असं सगळीकडं सांगत सुटलीस तर उद्यापासून आपला कंट्रोलर घेईल कोण? शेडमधल्या पोरांनी काय करायचं?” मग त्यांचा आवाज मऊ झाला. “हे बघ बाळ, तुझेही कागद माझ्याकडं आहेत. तीन वर्षांचं आपलं ठरलंय. तू वेडंवाकडं काही करू नकोस, मीही करणार नाही.”

कागद म्हणजे तिची मूळ मार्कशीटं आणि डिग्री. नोकरीला लागताना त्यांनी ठेवून घेतली होती आणि शेडमधल्या लोखंडी कपाटात बंद केली होती. त्यांच्यावाचून पुण्याच्या दोन नोकऱ्या तिच्या हातच्या गेल्या होत्या. घरी तिनं सांगितलं होतं, मलाच सोलापूरची नोकरी सोडायची नाही.

फोन बंद झाला. ऋतुजा उभी राहिली. तीन पावलं टाकली की भिंत, वळलं की परत भिंत. ती तेवढ्यातच फिरत राहिली. एकदा खाली बसून तिनं फटीतून हात बाहेर काढला. बाहेरची हवा जराशी गार होती. तिनं तो हात तसाच ठेवला. तिप्पण्णाला वाटलं तिला काही हवंय. “पाणी देऊ का आनी?” त्यानं विचारलं. तिनं मान हलवली.

सरांचं सगळंच खोटं नव्हतं. लिफ्टमध्ये प्रत्येक वेळी माणूस नसतो, हे खरंच. शेडमधली पोरं होती, तीही खरी. आणि गिऱ्हाइकांचे नंबर तिच्याजवळ नव्हते, सगळे सरांकडं असायचे. काही न करायला तिच्यापाशी भरपूर कारणं होती. तिनं एकदा स्वतःला सांगूनही बघितलं की मी तर इथं अडकलेय, मी काय करणार?

“माझ्या धाकट्या सुनंचं बाळंतपण स्टेशनकडंच झालं,” गौरम्मा आपल्याच नादात बोलत होती. “वरच्या मजल्याला खोली. लिफ्टनंच नेलं तिला. आडवी घालून.”

ऋतुजानं परत ताबीशला फोन केला. मोटरसायकलवरच्या वाऱ्याचा आवाज आला, मग तो थांबला.

“मोहोळच्या पुढं आलोय मॅडम. बोला.”

“ताबीशभाई, तुमचा वॉचमन-लिफ्टमन लोकांचा ग्रुप आहे ना व्हॉट्सॲपवर? सगळ्या साइट आहेत त्यात?”

“आहेत. का?”

तिनं सांगितलं. ताबीश शहाणा माणूस, एका दमात समजला. “सरांना विचारलं?”

“विचारलं. नको म्हणाले.”

पलीकडून एक ट्रक गेल्याचा आवाज आला. ताबीशच्या घरी आई हुसेनबी अंथरुणाला खिळलेली होती, लहान भाऊ शिकत होता. ते ऋतुजाला माहीत होतं.

“तुम्ही काही टाकू नका,” ती म्हणाली. “मला फक्त ग्रुपमध्ये घ्या. मी टाकते, माझ्या नावानं. सरांनी विचारलं तर सांगा, मॅडमनी अडकल्यामुळं मदतीला घ्या म्हटलं, म्हणून घेतलं.”

“खोटं कशाला बोलू? तुम्ही अडकलाच आहात की,” ताबीश म्हणाला.

मिनिटभरात ती ग्रुपमध्ये आली. तिनं लिहिलं: ‘मी ऋतुजा, लिफ्टच्या कंट्रोलरचं काम करते. गेल्या दोन महिन्यांत आमची नवीन चिप बसवलेल्या लिफ्टमध्ये दोष आहे. वीज गेली की लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकते. मी स्वतः आत्ता अडकले आहे. आपली लिफ्ट आत्ताच मजल्यावर आणून बंद करा. चिप बदलेपर्यंत चालू करू नका. कोणी अडकलं तर फटीतून उतरवू नका.’ खाली स्वतःचा नंबर घातला. पाठवायच्या आधी बोट थांबलं. मग पाठवलं.

फोन वाजायला लागला. एका इमारतीच्या सेक्रेटरींनी विचारलं, पैसे परत मिळणार का? एका वॉचमननं विचारलं, बंद करायचं बटण कुठलं? दवाखान्याच्या नंबरवरून मात्र कोणी काही विचारलं नाही. तिथल्या लिफ्टमननं मेसेज बघितलाच नव्हता. तिनं ग्रुपमधून त्याचा नंबर काढला आणि लावला. तीनदा लावल्यावर एका नर्सनं उचलला.

“लिफ्टमन जेवायला गेलाय. काय काम आहे?”

ऋतुजानं सांगितलं.

“अहो, आमची पेशंट वर न्यायचीय! सिझेरियन करायचंय तिचं. लिफ्ट बंद करून कशी नेऊ, उचलून?”

“उचलून न्या. खुर्चीत बसवून न्या. पण लिफ्टनं नेऊ नका.”

“तुम्ही कोण सांगणार? आत्ता चांगली चाललीय लिफ्ट.”

“ती वीज असेपर्यंतच चांगली चालते. मी तिच्यातला प्रोग्राम बदललाय, आणि मी चुकलेय. ताई, मी अशाच लिफ्टमध्ये तासाभरापासून अडकलेय. माझ्यासोबत एक म्हाताऱ्या आजी आहेत. तुमच्या पेशंटला एवढा वेळ काढता येईल का?”

नर्सनं फोन हातात धरूनच कोणाला तरी हाक मारली, “अगं पायल, चाकाची खुर्ची आण. आणि दोघा-तिघांना बोलाव.” फोन बंद झाला.

चार वाजता इमारतीत वीज आली. लिफ्टमधला पंखा फिरू लागला, दिवा लागला. गौरम्मानं दोन्ही हात जोडले आणि लिफ्ट हलायची वाट बघत राहिली. लाल सात तसाच होता.

“आली की लाईट. मग?”

“ताबीश येऊन बटण दाबेपर्यंत नाही आजी.”

तेव्हा मात्र गौरम्मा रडली. आवाज न करता, पदर तोंडावर घेऊन. तिच्या लुगड्याखालची फरशी ओली झाली होती, आणि ती ऋतुजाला ते दिसू नये म्हणून पाय आवळून बसली होती. ऋतुजानं आपली ओढणी काढून तिच्या मांडीवर टाकली आणि फटीकडं पाठ करून मध्ये बसली, म्हणजे तिप्पण्णाला आतलं काही दिसू नये.

ताबीश पोचला तेव्हा साडेचार होत आले होते. वरून त्याचा आवाज आला, तसं तिप्पण्णानं बाहेरचं दार लावलं आणि ऋतुजानं आतलं. लिफ्टला एक हिसका बसला आणि ती अलगद पहिल्या मजल्यावर येऊन टेकली. दार उघडलं. गौरम्माला उठवेना. पाय सुन्न झाले होते. ऋतुजा आणि तिप्पण्णानं तिला दोन्ही बाजूंनी धरून जिन्यानं खाली आणलं आणि बाकावर बसवलं.

“आज व्यायाम नको,” गौरम्मा म्हणाली. “लेकाला फोन लावून दे. आन् त्याला नको सांगू, मी रडलो म्हणून.”

चार ते पाच स्टेशनकडची वीज गेली होती. कुठल्याच लिफ्टमध्ये कोणी अडकलं नाही. दवाखान्यातल्या बाईला चौघांनी खुर्चीतून वर नेलं, तिचे नातेवाईक लिफ्टवाल्यांना शिव्या देत होते. मुलगी झाली. ह्या सगळ्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी उदयसिंह सरांनी टेबलावर फोन आपटत सांगितला. “कुठं काय झालं? कोण अडकलं? एक तू सोडून! नुसता बोभाटा केलास.” त्यांनी तिला काढून टाकलं नाही. काढून टाकता येण्यासारखं नव्हतं. सगळ्या चिपा आता बदलायला हव्या होत्या आणि ते काम दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

“माझे कागद द्या सर,” ती म्हणाली. “आणि चाचणीला बॅटरी.”

“आधी चिपा,” ते म्हणाले.

बॅटरी दुसऱ्याच दिवशी आली. कागद आले नाहीत.

दुरुस्ती छोटी होती, पण तिनं आठवडा घेतला. चिपच्या शेवटी रिकामी जागा होती, तिथं एक नवीन घर करून तिनं त्यात बारा हजार लिहिला आणि मोटरच्या आज्ञेला त्या घराचा पत्ता दिला. दाराचा सहा हजार जुन्या घरात राहिला. मग बारा हजाराचं झालं तसं आणखी कुठल्या आकड्याचं झालंय का, हे बघायला तिनं सगळा प्रोग्राम आज्ञेगणिक वाचून काढला. चिप एकदा बसवली की ती ताबीशला गच्चीवर पाठवायची आणि स्वतः लिफ्टमध्ये जायची. लिफ्ट मजल्यांच्या मध्ये आली की ताबीशनं वरून वीज तोडायची. प्रत्येक वेळी पंखा थांबला की बॅटरीची गुरगुर सुरू होईपर्यंतचा तो क्षण संपता संपत नसे. एरवी ती आता कुठंही जिन्यानंच जायची.

आधी दुसरीकडं चालवून दाखवा, असं दवाखान्यानं म्हटल्यामुळं तिथली लिफ्ट शेवटी राहिली होती. तिथं फोनवरची ती नर्स दारात उभी होती, हाताची घडी घालून, अजून रागातच.

लिफ्टमध्ये अंधार झाला, गुरगुर झाली, लिफ्ट सरकू लागली. ऋतुजा मोजत होती. सहा, सात, आठ, नऊ. दार उघडलं. समोर नर्स आणि तिच्यामागं बाळाला घेऊन घरी निघालेली एक बाई, तिचा नवरा, पिशव्या.

“झाली का नीट? नेऊ का ह्यांना खाली?” नर्सनं विचारलं.

ऋतुजा बाहेर यायला निघाली होती. तिचं एक पाऊल दाराबाहेर पडलंही होतं. बाईच्या कुशीतल्या टॉवेलात गुंडाळलेलं ते एवढंसं तोंड तिनं बघितलं.

“दोन मिनिटं थांबा ताई,” ती म्हणाली. “मी आणखी एकदा खाली जाऊन येते.” पाऊल आत घेऊन तिनं बटण दाबलं आणि वर ताबीशला फोन लावला.